दाजींची गोल करवत

आमच्या अक्काच्या नवऱ्याइतका हुशार आणि डोकं उठवणारा माणूस भालकीपासून गुलबर्ग्यापर्यंत दुसरा जन्मला नसेल. त्यात ते जावई. जावयाला तोंडावर बोलायचं नाही हा आमच्या घरचा कायदा. त्यामुळे उद्योग दाजींनी करायचे आणि बोलणी मी खायची. गुलबर्ग्याच्या कचेरीतली उर्दू जाऊन इंग्रजी आली, ती शिकायची सोडून हा कारकून घरी रंधा मारत बसे. अक्काच्या पहिल्या खेपेला त्यांनी तीन महिने खपून हातानं पाळणा केला, आणि मूल राहिलं नाही. अक्का पुन्हा बाळंतपणाला आमच्याकडे आली, तेव्हा दाजींनी बजावलं, "पोर जन्मल्याबिगर मी लाकडाला हात लावणार न्हाई." म्हणजे बारशापर्यंत बाराच दिवस! सुताराला सांगा म्हटलं, तर तेही नाही, पाळणा बापानंच करायचा. मग काय, यंत्राची करवत हवी.

नवी परवडणार नव्हती. म्हणून मला घेऊन ते गुलबर्ग्याच्या जुन्या बाजारात दिवसभर हिंडले. प्रत्येक गोल पातं दोरीला लटकवायचं, टिचकी मारायची, कान लावायचा. "ऐक, बद्द वाजायलंय. चीर हाय कुठंतरी." लाकूड उभं चिरायला मोठे दात पाहिजेत, आस डुगडुगता कामा नये, एक ना दोन! शेवटी दुकानदार वैतागला. "साब, करवत लेरे की तंबूरा?" मी उपाशी होतो, मला हसूही येईना.

घरी वीज नव्हती. अक्काला मुलगा झाला त्याच दुपारी दाजींनी पातं बसवलेलं टेबल थेट गल्लीतल्या अप्पांच्या पिठाच्या चक्कीत नेलं आणि इंजिनाच्या पट्ट्याला जोडलं. काम मात्र देखणं, हं. पात्याला समांतर पट्टी ठोकून फळी सरळ धरायची, काठीनं पुढं ढकलायची, बोटं पात्यापासून वीतभर लांब. पण लाकूड निवडलं कडुनिंबाचं, आणि भुसा चालला शेजारच्या ज्वारीच्या पिठात! संध्याकाळी गल्लीभर भाकऱ्या कडू. बायका आमच्या दारात. "कामून रे, आमाला काढा पाजायलास व्हय?" हे मला! दाजी आत चहा पीत होते. म्हणाले, "पोटाला चांगलाच असतो म्हणावं." अप्पांनी टेबल बाहेर काढलं. मी हातापाया पडलो, तेव्हा दळण सुरू व्हायच्या आधी सकाळी तासभर मुभा मिळाली. चक्की मी झाडायची या बोलीवर. दहा दिवस झाडली, काय सांगू!

बाराव्या दिवशी पाळणा टांगला. बायकांनी गाणी म्हटली, नाव ठेवलं, सगळे जेवायला गेले. दाजी मात्र दाराबाहेर पाठ करून उभे.

"आत या की, दाजी."

"तूच बघ की रे. पोट हलायलंय का त्याचं?"

मी पाळण्यावर वाकून बाळाचा श्वास बघितला. "हलायलंय."

घटकाभरानं पुन्हा तेच. आवाज एवढासा झालेला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही. मी जेवण सोडून पाळण्याशीच बसलो, आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगत राहिलो, "हलायलंय, दाजी. हलायलंय."