चौकातला पेपर

सकाळी गॅलरीत उभी राहिले की समोरचे नाना चौकाकडे जाताना दिसतात. डॉक्टर दोन वर्षं ‘चाला, चाला’ म्हणत होते, पण नाना ढिम्म. शेवटी त्यांच्या पत्नीनं, माईंनी, घरी येणारा पेपरच बंद केला. पेपरशिवाय नानांचा चहा घशाखाली उतरत नाही, म्हणून चरफडत का होईना, ते निघाले. आता रक्तातली साखर आटोक्यात आहे, एक गोळीही सुटली. उपदेशाला दाद न देणारा माणूस आवडत्या सवयीचं बोट धरून किती लांब जातो!

आज नाना घामेजलेले, गुणगुणत परतले. माईंनी दारातच विचारलं, “अहो, पेपर कुठाय?”

नानांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. “अगं, चालण्याच्या नादात घ्यायचा राहिलाच की!”