खीमजीच्या नावावर बसलेला माणूस

भद्रेश कोटेचाचा धंदा काय, हे त्याच्या बायकोला, नीलाला, कधी माहेरी धड सांगता आलं नाही. "लोकांची नावं विकतात," एवढं म्हणायची आणि विषय बदलायची. राजकोटात दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत हा गाठिया खात संगणकापुढे बसायचा. इंटरनेटवरचं नाव म्हणजे भाड्याची जागा. भाडं भरलं नाही की मोकळी. मोकळी झाली की त्याच मिनिटाला भद्रेश ती बळकावायचा. आयत्या बिळावर नागोबा! मूळ मालक धावत आला तर चौपट भावात परत. नाही आला, तर तिथे जाहिराती. बहुतेक नावं तर नुसतीच पडून, कुलूप लावलेल्या घरांसारखी.

नाव घेतलं की त्या नावावर येणारी सगळी पत्रंही त्याच्याकडेच यायची. ती तो वाचत नसे. प्रत्येक पत्राला यंत्रच परस्पर उत्तर धाडायचं: "आपण शोधता ते नाव आमच्याकडे सुरक्षित आहे. परत हवं असल्यास रक्कम कळवा." वर्षानुवर्षं हेच उत्तर. त्यात काही वावगं आहे, असं त्याला कधी वाटलंच नाही.

मांडवीच्या खीमजी खारव्याचं नाव त्यानं असंच उचललं. खीमजी आपल्या गलबतानं माल न्यायचा, धंद्यासाठी त्यानं स्वतःच्या नावाचं पान काढलं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्या नावावर पत्र आलं. किंमत असेल म्हणून भद्रेशनं उघडलं.

"सहा बांगड्या आहेत. सोन्याच्या. कुठे आणू? त्यांना मारू नका."

हातातला गाठिया त्यानं बाजूला ठेवला. त्यानं मागची पत्रं उघडली. नाव हाती आल्यापासून आणखी दोन आली होती. एकात लिहिलं होतं, गलबत परत आलं नाही म्हणून घरी पिठाचा पुतळा करून तुमचे विधी उरकायचं ठरलंय, मी हो म्हटलंय, रागावू नका. त्याला यंत्राचं उत्तर गेलं होतं. खीमजीच्या नावानं, खीमजीच्या पत्त्यावरून.

"अगं बाई!" नीला मागून वाचत होती. "मेलेल्या माणसाची खंडणी मागितलीत हो तुम्ही! उठा आधी. जा, त्या बाईला तोंड दाखवा."

मांडवीत घर सापडायला वेळ लागला नाही. खीमजीच्या बायकोनं, हीरुबेननं, दार उघडलं, तिच्या हातात बांगड्या तशाच होत्या. दीर ओट्यावर तोंड फुगवून बसला होता. पुतळ्याचं पीठ परातीत कोरडंच पडलेलं.

भद्रेशनं सगळं सांगितलं. हात जोडले. "बेन, तिथे कुणी नाही. यंत्र बोललं. चूक माझी."

"ऐकलंस भाभी?" दीर ओरडला. "गलबत बुडालं, माणसं गेली, सगळं बंदर सांगतंय! आता तरी मान!"

हीरुबेननं दिराकडे पाहिलंही नाही. भद्रेशला ताकाचा पेला दिला नि म्हणाली, "भाई, आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. लग्न झाल्यापासून मी ते घेतलं नाही. फक्त त्या पत्त्यात लिहायची. दर गुरुवारी. तेवढंच काय ते माझं नाव घेणं." मग ती म्हणाली, "बंदराचं मी ऐकत नाही. दिराचं ऐकत नाही. त्या पत्त्यावरून आलं तर ऐकेन. तुम्हीच लिहा ना."

"काय लिहू?"

"की ते गेले."

"बेन, मी लिहीन ते. त्यांनी नव्हे. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," ती शांतपणे म्हणाली. "लिहा."

भद्रेशला ते लिहायचं नव्हतं. पण पाप त्याचं होतं, फेडायलाही त्यालाच हवं होतं. तिथेच ओट्यावर बसून त्यानं मोबाइलवर लिहिलं: "मी बुडालो. वाट पाहू नकोस." आत तिचा मोबाइल वाजला. मग ती रडली, अशी की शेजारणी धावत आल्या. दुपारी पुतळ्याला अग्नी दिला. तिच्या बांगड्या उतरल्या.

परतताना भद्रेशला हलकं वाटलं. यंत्राचं उत्तर त्यानं कायमचं बंद केलं. नाव त्या घरालाच फुकट द्यायचं, असंही ठरवलं.

गुरुवारी सकाळी तो संगणकापुढे बसला. खीमजीच्या नावावर पत्र होतं.

"तुम्ही कळवलंत, बरं झालं. आता तरी कळलं कुठे आहात ते. इतके दिवस पत्रं कुठल्या दिशेला धाडते, तेच कळत नव्हतं. तिथे खाली थंडी असते का? घोंगडी ओट्यावरच राहिली आहे."

भद्रेशनं पत्र पुन्हा वाचलं. नीलानं आतून दोनदा हाक मारली, "अहो, ऐकलं का?" आधी त्यानं नावाचं भाडं भरलं, एकदम भरता येतं तेवढं, दहा वर्षांचं. मग उत्तरासाठी कळफलकावर बोटं टेकवली.

"नाही," त्यानं लिहिलं. "थंडी नाही."