फुगवट्यावर बोलायचा मान

मी लहान असताना आमच्या घरात श्रावण म्हणजे अर्ध्या पोटाचा महिना. गिऱ्हाईक मासे खायचं नाही, आणि आम्हीही आषाढापासून पोळ्यापर्यंत जाळी आढ्याला टांगून ठेवायचो, कारण त्या दिवसांत मासळी गाभोळीनं भरलेली असते. आई मग लासलगावला कांदा निवडायला जायची. पोळा झाला की बाबा ट्रकच्या ट्यूबवर बसून पुन्हा धरणाच्या फुगवट्यात उतरायचे. होडी आमच्याकडे कधीच नव्हती. त्या ट्यूबवरच्या मासळीवर मी नाशिकला कॉलेज शिकले, बी.ए. झाले. आमच्या वस्तीत माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. हे मी ताठ मानेनंच सांगते.

पुढं फुगवट्यावर पक्षी वाढले, शहरातून दुर्बिणी घेऊन लोक यायला लागले आणि सगळंच पाणी मासेमारीला बंद करायची गोष्ट निघाली. पक्षीमित्रांचं म्हणणं खोटं नव्हतं. बारीक नायलॉनच्या जाळ्यात पाणकोंबड्या अडकून मेलेल्या मी स्वतः पाहिल्यात. पण सगळंच बंद झालं तर बाबांनी जायचं कुठं?

वस्तीची बैठक बसली. ठरलं, की नदी येऊन मिळते तिथली लव्हाळ्याची दलदल पक्ष्यांना सोडायची, पावसाळ्यात आपण तसंही जाळं टाकत नाही ते लिहून द्यायचं, आणि बाकीचं पाणी मागायचं. सरकारी साहेबांपुढं सुनावणी होणार होती; तिथं बोलायचा मान तात्यांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला दिला. बाबांना जाळं विणायला त्यांनीच शिकवलं होतं. आमच्यात रीत अशी, की सगळ्यांनी मिळून ज्याच्या हाती नारळ दिला तोच बोलतो. त्याच्यामागून दुसऱ्यानं तोंड उघडलं तर तो त्याचा अपमान.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. तात्या नारळ काखेत धरून उठले, नमस्कार केला आणि म्हणाले, "सायेब, पक्षी वाचले पायजेत. वस्तीची काय हरकत नाय." आणि खाली बसले.

मला वाटलं, पुढचं विसरले. मी उठायला लागले तर बाबांनी मनगट धरलं. "नारळ त्याच्याकडं हाय," ते हळूच म्हणाले. अख्खी वस्ती गप्प बसली, आणि आमचं गप्प बसणं साहेबांनी होकार म्हणून लिहून घेतलं.

सगळं पाणी मासेमारीला बंद झालं, आणि दिवाळीनंतर फुगवट्यात पर्यटकांच्या होड्या आल्या. त्या तात्यांच्या मुलाच्या होत्या, परवाना त्या सुनावणीनंतरच मिळालेला. मी सरळ त्यांच्या ओट्यावर गेले. "तात्या, आमच्या नारळावर होड्या घेतल्या तुम्ही?"

ते हसले. "शिकलेली ना गं तू? पुढं कसं जातात ते तुलाच कळंना व्हय?" वर बाबांना निरोप दिला, की होडीवाल्याची टोपी घालून ये, वल्हं मारायला माणूस लागतोच आहे. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

दुर्बीणवाल्यांचा मला कधी राग आला नाही. ते समोरून आले होते. तात्या आमच्या पंगतीत बसलेले होते.

मी हरकतीचा अर्ज केला, पाठपुरावा केला, आणि पुन्हा सुनावणी लागली. बैठकीत बाबांनी नारळ माझ्या हाती दिला. "आता पोरीबाळी बोलणार का?" एकानं टोमणा मारला. बाबा म्हणाले, "बोलंल ते आपलं तरी बोलंल."

बैठकीत ठरलेलंच मी मांडलं, वर बारीक जाळी सोडायचंही कबूल केलं. पक्षीमित्रांतल्या एक म्हाताऱ्या बाई उठून म्हणाल्या, एवढं पाळणार असतील तर आमची तक्रार नाही. तात्या मागच्या बाकावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि अजून पाहत नाहीत.

दलदल बारा महिने बंद झाली. पावसाळ्यात सगळं पाणी बंद. धरणाच्या भिंतीपासून बुडालेल्या देवळापर्यंतचं पाणी पोळ्यानंतर आम्हाला खुलं झालं, मोठ्या भोकांच्या जाळ्यांसाठी. बाबा तिथं मासे धरतात.