पुसली गेलेली वेळ

हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे रिस्टार्टभाऊ म्हणायचे. तक्रार आली की आधी सर्व्हर बंद करून चालू करायचा, मग चहा, मग जमलंच तर विचार. हसू नका, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचंही.

त्याची वहिनी त्याच हॉस्पिटलात नर्स. तिच्या वॉर्डातल्या एका म्हातारबाबांना फिटचं औषध उशिरा मिळालं, जोराचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. "स्क्रीनवर औषधाची वेळ दुपारची होती हो," वहिनी कळवळून सांगत होती. हॉस्पिटलच्या साहेबांनी तपासलं, तर स्क्रीनवर सकाळची! झालं. चौकशी संपेपर्यंत तिला घरी बसवलं. नोकरी जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

अन् साहेब तपासायला येण्याआधी सर्व्हर रिस्टार्ट कुणी केला होता? यानेच.

हे त्याच्या डोक्यात आलं. त्या दिवसापासून त्याने रिस्टार्टचं नाव काढलं नाही. तक्रारी आल्या, साहेब तडकले, "अहो, करा ना रिस्टार्ट!" हा ढिम्म. चालू सर्व्हरच चाचपत बसला, आणि एकदाचं सापडलं. औषधांच्या वेळा दाखवणारं मॉड्यूल आणि परदेशी लॅबचे रिपोर्ट आणणारं मॉड्यूल, दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालत्या प्रोग्रामच्या पोटात, चालत होती. कुठल्या देशाची वेळ धरायची, हे सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामची पाटीच म्हणा, दोघांत मिळून एकच. लॅबवालं त्यात आपल्या देशाची वेळ घालायचं आणि काम झालं की तशीच टाकून जायचं. मग मागून औषध बघणाऱ्याला वेळ काही तास पुढची दिसायची. रिस्टार्ट केलं की पाटी पुसली जायची आणि पुन्हा सगळं साळसूद!

त्याने साहेबांना चूक चालू स्क्रीनवर दाखवली आणि मगच दोन्ही मॉड्यूल वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये टाकली. वहिनीवरचा ठपका निघाला.

घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, आपल्या रिस्टार्टचंही. तिचे हात थांबले.

"म्हणजे मी खरंच दुपार वाचली होती?"

"हो, वहिनी. मीच पुसलं ते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने घातलेली घडी पुन्हा उलगडली.

"काल म्हातारबाबांपुढे हात जोडून आले मी, भाऊजी. म्हटलं, माझंच लक्ष नव्हतं. सगळे इतकं ठासून सांगत होते... आता डोळे मिटले तरी मला स्क्रीनवर सकाळच दिसते हो."