देवाची माळ आणि माझा गुडघा

ऑलिंपिकहून परतल्यावर वर्षभरातच माझा डावा गुडघा गेला. लांब उडीत मी ज्या पायावर झेप घेत असे, तोच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की चालता येईल, उडी मात्र संपली. त्याच सुमारास कन्नड गावच्या एका मुलींच्या शाळेने खेळाची शिक्षिका म्हणून बोलावले. होकार की नकार, ते सोमवारपर्यंत कळवायचे होते. पडेगावच्या आमच्या घरात सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र होकार देणे म्हणजे हार कबूल करणे वाटत होते. देवाधर्माची मला फारशी सवय नव्हती. पण त्या आठवड्यात मी देवावर चिडले होते, आणि चिडायला समोर कुणीतरी असावे लागते.

श्रावणातल्या शनिवारी आमच्याकडची माणसे खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात. लहानपणी मीही जायची, दौलताबादच्या घाटात भावंडांशी शर्यत लावायची. त्या शनिवारी उजाडताच एकटीच निघाले. हातात रुईच्या पानांची माळ, पिशवीत तेलाची बाटली. समुद्र ओलांडणाऱ्या देवाला एवढेच सांगायचे होते: माझी उडी परत दे, म्हणजे मी शाळेला नाही म्हणून कळवते.

हट्टाने काठी घेतली नव्हती. निम्म्या घाटात गुडघा सुजून आखडला आणि मी रस्त्याकडेला बसले. पुढे जाता येईना, मागेही फिरता येईना. जवळच मेंढ्यांचा वाडा मुक्कामाला उतरला होता. चुलीवर चहा ठेवलेली एक धनगर बाई उठून आली.

"दाव बरं. अगं माय, लई सुजलाय की!" असे म्हणत तिने माझ्या हातातली माळ घेतली आणि दोरा तटकन तोडला.

"अहो मावशी, ती देवाची आहे!"

"व्हय, म्हाईत हाय. गुडघा त्याचा दुखतोय का तुझा?"

पाठोपाठ देवाचे तेलही गेले. तेल लावलेली पाने तिने निखाऱ्यावर शेकली आणि गुडघ्यावर रचून फडक्याने आवळली. हे औषध माझी आईही करायची, पण मारुतीच्या वाट्याची पाने घ्यायचे धाडस आमच्या घरात कुणी केले नसते. चहा देताना तिने विचारले, "काम काय करतीस?"

"लांब उडी मारायचे. आता शाळेत शिकवायला बोलावलंय."

"मंग तोंड का पाडलंय? मेंढ्या राखाया बोलावलं असतं तर काय केलं असतंस?"

कित्येक महिन्यांनी मी हसले.

ठणका कमी झाला, तशी हळूहळू चढत देवळात पोचले. इथला मारुती उभा नाही, आडवा पहुडलेला आहे. ती मूर्ती लहानपणापासून पाहत आले होते, पण त्या दिवशी नीट पाहिली. ज्याच्या उड्डाणाची गोष्ट घरोघर सांगतात, तो काम आटोपून निवांत निजला होता. माझे हात रिकामे होते. ठरवून आणलेले वाक्य ओठांवर आलेच नाही. डोळे भरून आले आणि मी बाहेर पडले.

परतताना जीप मिळाली. घाटात उतरून मावशीला गाठले. "परसाद आनलास का?" तिने आधी तेच विचारले. खोबऱ्याचा तुकडा चावत म्हणाली, "काय मागितलंस?"

"मागायचं राहूनच गेलं."

"मंग एवढं तंगडं मोडत गेलीस कशाला?" ती खो खो हसली.

सोमवारी मी होकार कळवला.

त्या सकाळी नेमके तिथेच गुडघ्याने का दगा दिला, यावर मी वाद घालत नाही. मी मागायला निघाले होते ते मला मिळाले नाही, आणि त्याबद्दल मी आजही हात जोडते. आता केस पिकले. मैदानावर मुलगी उडी मारते, आम्ही मोजतो, आणि मी फावड्याने वाळू सारखी करते. पहिल्याच वर्षी एक मुलगी हिरमुसून म्हणाली होती, "बाई, माझी एवढी लांब उडी! खूण राहू द्या ना."

"बाजूला हो," मी म्हटले, "पुढच्या मुलीला उडी मारायचीय."