आईला सांगितलेलं गाणं

जपानी मालिकांची गाणी मला अजून चपात्यांच्या हिशेबाने आठवतात. डॉक्टरांच्या मालिकेचं गाणं, ज्यात सुरुवातीला कुणीतरी शीळ घालायचं, ते तीन चपात्यांचं. पोलिसांच्या मालिकेत नुसते ढोल वाजायचे, त्यात जेमतेम दोन व्हायच्या. फेरीबोटीच्या मालिकेचं गाणं संथ होतं, पियानोवर एका बाईचा जरा बसलेला आवाज. त्यात पाच चपात्या लाटून व्हायच्या, आणि पाचवी तव्यावर टाकेपर्यंत आई मान वर करून फोनच्या पडद्याकडेच बघत असायची.

आम्ही ओमानात, मस्कतजवळ सीबला, जुन्या सूकच्या म्हणजे बाजाराच्या मागे दोन खोल्यांत राहतो. बाबा रुस्ताकला एसी दुरुस्तीच्या कामावर असतात आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येतात. आई डबे करते, आमच्याच गुहागर-चिपळूणकडच्या सोळा माणसांचे. चार वाजता ती कणीक मळायला घेते. मी शाळेतून आले की फोन पिठाच्या डब्याला टेकवून मालिका लावायची, हा आमचा नेम. हिंदी मालिकांचा आईला कंटाळा आला होता. "त्यांचा शेवट बघायला मी जिवंत राहीन की नाही," म्हणायची. जपानी मालिका दहा-अकरा भागांत खलास. ते तिला फार आवडलं.

खाली इंग्रजी अक्षरं यायची. आई सातवीपर्यंत शिकली, तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी वाचून मराठीत सांगायचे. माझं मराठीही तसं अडखळतच. शाळेत आम्ही मैत्रिणी इंग्रजीतच बोलायचो, त्यामुळे कधी शब्द सापडायचा नाही आणि मग आई मला तो शोधून द्यायची. बोलणं चालू असताना ती खाली पोळपाटाकडे बघत ऐकायची. गाणं आलं की मात्र वर बघायची, कारण तेव्हा माझं ऐकायचं नसायचं. गाण्याखाली अक्षरं येत नसत.

एके दिवशी फेरीबोटीच्या मालिकेत तिने विचारलं, "काय म्हणते गो ही?"

त्या मालिकेत एका बेटावर राहणारी बाई फेरीबोट चालवते आणि तिची मुलगी शिकायला शहरात जायचं म्हणते. बोट धक्क्यावरून सुटली की गाणं सुरू व्हायचं. आईला ते सगळं ओळखीचं होतं. "अगदी आमच्या धोपाव्याची जेट्टी," ती म्हणायची.

मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते का म्हणता आलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या घरात बँकेचा कागद मी वाचते, दवाखान्यातला फॉर्म मी भरते. माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, "ती म्हणते, तू जा. मागे बघू नकोस. उशीर झाला तरी चालेल, मी धक्क्यावर आहे."

आईने लाटणं थांबवलं. "परत सांग," म्हणाली.

मी परत सांगितलं. पुढच्या भागात दुसरं कडवं आलं, त्याचंही काहीतरी सांगितलं. मग ते गाणं पुढे ढकलून थेट भाग लावायची मला बंदीच झाली.

तेव्हा मी बारावीला होते. घरात माझ्या कॉलेजचा विषय निघायचा आणि बंद व्हायचा. आमच्यात कॉलेजला कुणी गेलेलं नाही. बाबांच्या मनात मला गावी आत्याकडे पाठवायचं होतं. आत्याने एक स्थळही पाहून ठेवलं होतं. एका गुरुवारी जेवताना बाबा म्हणाले, "कॉलेज करून हिला परत इथेच चपात्या लाटायच्यात ना?"

आई म्हणाली, "नाही लाटायच्या. तिला जाऊ दे. मागे बघायला लावू नका तिला. उशीर होऊ दे, मी आहे ना धक्क्यावर."

बाबा हसले. "धक्का कुठून आणलास तू ओमानात?"

"गाण्यात आहे," आई म्हणाली. "जपानी लोकसुद्धा असंच म्हणतात. तुम्ही त्यांच्याहून शहाणे?"

मी ताटात बघत बसले. भाताला आमटी कमी पडली होती, तरी मागितली नाही. असं दोन-तीन गुरुवार चाललं आणि शेवटी बाबा इथल्या लोकांसारखं म्हणाले, "बरं, इन्शाल्ला." मस्कतच्या एका कॉलेजात माझा प्रवेश झाला.

त्याच वर्षी चैत्रात मस्कतमधल्या बौशरला एका काकूंकडे हळदीकुंकू होतं. काकूंचे यजमान मोठ्या कंपनीत इंजिनियर. आईला बोलावणं होतं आणि पुरणपोळ्यांची ऑर्डरही होती, म्हणजे पाहुणी म्हणून जायचं आणि अर्धा वेळ स्वयंपाकघरात राहायचं. आईने आपली मोरपंखी साडी नेसली होती आणि मदतीला मी बरोबर होते. पोळ्या वाढून झाल्यावर काकूंनी तिला आग्रहाने बाहेर आणून सोफ्यावर बसवलं. काकूंची मुलगी ऑनलाइन जपानी शिकत होती, त्याचं कौतुक चाललं होतं.

आई एकदम म्हणाली, "आमचीही बघते की जपानी! मला सगळी गाणी सांगते." आणि तिने सांगितलं. फेरीबोट, धक्का, मागे बघू नकोस, सगळं. न अडखळता, मी सांगितलं होतं त्याहून कितीतरी चांगल्या मराठीत. एक जण म्हणाली, "किती छान हो!"

काकूंच्या मुलीने मालिकेचं नाव विचारलं आणि फोनवर गाण्याचे शब्द शोधले. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती वाचायला लागली आणि थांबली. मग म्हणाली, "आंटी, पण हे वेगळं आहे." त्या गाण्यातली बाई एका माणसाला सांगते की मी वाट बघेन म्हटलं ते खोटं होतं. मी दुसऱ्याबरोबर शेवटच्या बोटीने चालले आहे. मला शोधू नकोस.

बायका हसल्या. "अगंबाई, ही तर पळून चालली!" कुणीतरी म्हणालं. आणि काकू हसत म्हणाल्या, "अहो, लेकीने फसवलं की तुम्हाला!"

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी काहीतरी सांगेन, ही काकूंची मुलगी चुकतेय असं म्हणेन, अशा नजरेने.

मी म्हटलं, "मी असं कधी सांगितलं? आईच मनाने जोडते काहीतरी."

आई हसली आणि पदर सावरत म्हणाली, "हो, मला मेलीला काय कळतंय त्यातलं." आणि रिकामी पातेली घ्यायला आत गेली.

टॅक्सीत पातेली आमच्या दोघींच्या मध्ये होती. ती वाजू नयेत म्हणून आईने पूर्ण रस्ताभर त्यांवर हात ठेवला होता. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा तिने ड्रायव्हरला सांगितलं की पुढच्या वळणावर डावीकडे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कणीक मळली गेली, फोन डब्याला टेकवला गेला. गाणं सुरू झालं आणि आईने विचारलं, "ते पुढे ढकलतात ते कुठे असतं?" मी पडद्यावरच्या बटणाकडे बोट दाखवलं. बोटांना पीठ होतं म्हणून तिने कोपराने दाबलं आणि गाणं वगळलं.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. तिने त्या दिवसाबद्दल बाबांना काहीच सांगितलेलं नाही. परीक्षा असली की बाबा अजून रुस्ताकहून फोन करतात आणि म्हणतात, "मागे बघू नको गो, आई धक्क्यावर आहे." फोन स्पीकरवर असतो. आई ऐकते आणि तव्यावरची चपाती उलटते.

गेल्या महिन्यात मी ते गाणं नीट समजून घेतलं. तीन ठिकाणचे अर्थ ताडून पाहिले, जिथे खात्री नव्हती तिथे तसं लिहिलं आणि वहीत सगळं मराठीत उतरवलं. चार वाजता वही घेऊन आईजवळ बसले.

"आई, त्या गाण्याचा अर्थ आणलाय."

तिने वर न बघता विचारलं, "खरा की तुझा?"

"खरा."

"मग राहू दे," ती म्हणाली. "त्या बाईशी माझं काय काम?"

मी तरी तिथेच बसून राहिले. नव्या मालिकेचं गाणं लागलं. आईने कोपर पुढे केलं.