उणे वीस डिग्रीतला जावई

दिघ्याच्या आमच्या गल्लीत दत्तू लोखंडेला कुणी सरळ फौजी म्हणत नव्हतं. 'अर्धा फौजी' म्हणायचे. त्यात त्याची काही चूक नव्हती, त्याच्या पलटणीची रीतच तशी. ही प्रादेशिक सेना. एरवी आपला कामधंदा करायचा, वर्षातून एकदा शिबिराला जाऊन हात साफ करायचा आणि सीमेवर वाजलं की बोलावणं येईल तसं वर्दी चढवून हजर व्हायचं. बाकीचं वर्ष दत्तू तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. गोठवलेल्या वाटाण्याचे खोके उचलायचे, रॅकवर चढवायचे.

पलीकडच्या गल्लीतल्या सीताराम वाघमाऱ्यांची पोरगी, संघप्रिया, त्याला आवडायची. तिलाही तो आवडायचा. अडत होतं ते सीतारामपाशी.

"मह्या पोरीला अर्धा नवरा कामाचा नाही," तो दत्तूच्या आईला, जाईबाईला, चारचौघांत म्हणाला होता. "शिबिरात जवान, आन इथं वाटाण्याचा गडी. लोकाला सांगू काय मी?"

मग यंदा सीमेवर एकदम पेटलं. टीव्हीवाले बोंबलायला लागले, गल्लीतली पोरं पत्र्यावर चढून विमानं बघायला लागली आणि दत्तूला पलटणीचं बोलावणं आलं.

त्या दिवसापासून सीताराम पार बदलला. पेढे घेऊन स्वतः जाईबाईच्या दारात. "आपला जावई सीमेवर चाल्लाय, उशीर कशापायी?" असं म्हणून त्यानं त्याच संध्याकाळी साखरपुडा उरकला. दत्तू अजून जावई व्हायचा होता, तरी सीताराम नाक्यावर 'आमचा जावई' म्हणून मोकळा. दत्तू निघाला तेव्हा बँजो लावला, निळा गुलाल उधळला. जाईबाई अशी रडली की शेजारणीही रडल्या, पण रडता रडता 'पाव्हण्यांच्या चहात साखर बरी हाय का' तेही विचारत होती.

दत्तू गेला. पुण्याला पोचला. बूट मिळाले, कीट मिळालं. आता पुढं निघायचं, तेवढ्यात दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी फोनाफोनी केली आणि भांडण मिटलं. आठवडाभर कवायत झाली. मग साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, तणाव निवळलाय, जादा बोलावलेली माणसं कमी करायची आहेत, आपापल्या कामावर जा. बूट पायाला चावायच्या आत परत जमा.

भल्या पहाटे दत्तूनं घराची कडी वाजवली. जाईबाईनं दार उघडलं, लेकराला बघितलं, गळ्यात पडली, छाती भरून हुंदका दिला आणि पुढच्याच दमात त्याला आत ओढून दार लावलं.

"कुनी बघितलं का तुला?"

"न्हाई. का गं?"

"का गं? आरं दत्त्या, बँजो वाजवून धाडलाय तुला! इतक्यात आलास? थोडा वाळून तरी यायचं! पोट सुटलंय उलट!"

"मेसमध्ये शिरा चांगला व्हता."

"सीताराम सोयरीक मोडंल ना! रविवारी लग्नाची तारीख काढायला येनार हाय त्यो." जाईबाई पाटावर बसली. "आन ह्या मेल्यांनी मिटवलं कशाला एवढ्या घाईनं? महिनाभर नुसतं डोळे वटारून बसले असते तर काय बिघडलं असतं?"

भिंतीवर तथागतांची तसबीर होती. दर पौर्णिमेला विहारात बसून सगळ्या जगाला शांती मिळू दे म्हणणारी ही बाई. तिचं तिलाच कसंसं झालं. तिनं हात जोडले. "भगवंता, तुमाला न्हाई बोलले. तारीख निघूस्तवर म्हनत व्हते."

उजाडायच्या आत तिनं त्याला बसमध्ये बसवून तुर्भ्याला पिटाळलं. "तारीख निघूस्तवर दिघ्यात तोंड दावू नकू."

कोल्ड स्टोरेजमधला त्याचा जोडीदार झहूर, मूळचा उरणकडचा. त्यानं आपल्या खोलीवर दत्तूला जागा दिली आणि पोट धरून हसला. "भाई, लोकं लढाईतून पळून येतात. तू शांततेतून पळून आलास."

शनिवारी सीतारामचा फोन आला. साधा नाही, व्हिडिओवाला. दत्तू तेव्हा उणे वीस डिग्रीच्या खोलीत फोर्कलिफ्टवर होता. अंगात जाडजूड जाकीट, कानटोपी, मिशीवर पांढरं पडलेलं. न उचलावा तर संशय. उचलला.

"आगं बया!" सीतारामचा आवाज फाटला. "बर्फ हाय की रं चौफेर!"

दत्तूला काही सांगावंच लागलं नाही. तोंडातून वाफ निघत होती, मागं पायपांवर हातभर बर्फ. सीताराम तेव्हा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर होता. त्यानं फोन फिरवून सगळ्यांना दाखवला. "बघा, बघा, मिशी गोठलीय जावयाची!"

"मामा, जास्त बोलता यायचं न्हाई," दत्तू म्हणाला, तेवढ्यात मागून झहूर ओरडला, "ए दत्तू, वाटाणा कुठं लावायचाय रे? गाडी येऊन उभी हाय!"

टपरीवरचे सगळे फोनवर वाकले.

"वाटाना?" सीताराम म्हणाला.

दत्तूचं डोकं तेवढ्या थंडीतही झरझर चाललं. "साहेब हायेत आमचे. ती... खुनेची भाषा असती, मामा. वाटाना म्हंजी दारूगोळा. कुनाला बोलू नका."

सीतारामनं छातीवर हात ठेवून वचन दिलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या दिघ्याला कळलं की वाटाणा आलाय, कायतरी मोठं होणार. भांडण मिटल्याचं टीव्हीवर सांगत होते, पण सीताराम म्हणायचा, "टीव्हीला काय कळतंय? आतली गोष्ट येगळी हाय."

ही आतली गोष्ट त्यानं घरी जाऊन पोरीलाही सांगितली. संघप्रिया ऐरोलीच्या एका दवाखान्यात बिलिंगला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, जेवली, झोपली आणि सकाळी रिक्षा करून थेट तुर्भ्याला. गेटवर ओळखीचा झहूर भेटला. "साहेब, तुमच्या दारूगोळ्यावाल्याला बाहेर बोलवा," ती म्हणाली.

दत्तू जाकिटासकट मे महिन्याच्या उन्हात आला. मिशीतलं बर्फ वितळून हनुवटीवरून गळायला लागलं.

"किती दिवस चालवणार होतास?"

"तारीख निघूस्तवर."

"आणि मग? लग्नाला बर्फात उभा राहणार होतास?"

"आई म्हनली..."

"आईचं सांगू नकोस. मला हे अर्धं-पूर्ण काही नकोय. मला खोटं नकोय. आज पौर्णिमा आहे. संध्याकाळी विहारात सगळ्यांसमोर खरं बोल. नाहीतर साखरपुडा मोडला. पप्पांनी नाही, मी मोडला."

संध्याकाळी विहार भरलेला. वंदना झाली, खीर वाटायची होती. दत्तू आत आला तसे सगळे उठूनच उभे राहिले. सीतारामला वाटलं, जावई लढाई जिंकून आला. तो टाळ्या वाजवणार, इतक्यात दत्तू पुढं जाऊन उभा राहिला.

"मी पुन्याच्या म्होरं गेलोच न्हाई," तो म्हणाला. "भांडन मिटलं, मानसं जादा झाली, आमाला घरी धाडलं. बर्फ तुर्भ्याचा व्हता. वाटाना वाटानाच व्हता."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मागच्या पोरांत कुणीतरी फिसकन हसलं. मग पुढं बसलेल्या एका म्हातारीनं, तिला नीट ऐकूही येत नव्हतं, प्रवचन संपल्यावर 'छान झालं' म्हणून म्हणतात तसं, सवयीनं हात जोडून "साधू!" म्हटलं. तिच्यामागं सगळा विहार म्हणाला, "साधू, साधू!"

आता सीताराम काय करणार? भगवंतासमोर अख्ख्या वस्तीनं साधू म्हटलेलं. शिवाय वाटाण्याचा डंका त्यानंच पिटलेला. सोयरीक मोडली तर लोक म्हणणार, हा दारूगोळ्यासाठी पोरगी देत होता. तो खाकरला. "लढाई थांबली ही चांगलीच गोष्ट झाली. मला आधीच म्हाईत व्हतं."

"मी तर रोज त्याच्यासाठीच हात जोडत व्हते," जाईबाई म्हणाली आणि तसबिरीकडं बघायचं टाळलं.

खीर खाताना तारीख निघाली. दत्तू संघप्रियाशेजारी येऊन हळूच म्हणाला, "आन लग्नानंतर पुन्हा बोलावनं आलं तर?"

"तर जा," ती म्हणाली. "पण परत धाडलं, की आधी मला फोन करायचा. आईला नंतर."